उघडा बाजार

घरात वस्तू येते ती गरजेने, हौसेने किंवा आहेर म्हणून. परंतु ती घरातून जावी कशी, हा प्रश्न तितका सोपा नसतो. फुटक्या मडक्याला उकिरडा असतो आणि सोन्याच्या दागिन्याला सराफाची पेढी असते. खरी अडचण असते ती या दोहोंच्या मधल्या वस्तूंची. आखूड झालेला कोट, मूल मोठे झाल्यावर रिकामा पडलेला पाळणा, कोणी वाचीनासे झालेली पुस्तके, संचातील बाकीचे फुटल्यावर उरलेले दोन कप, या वस्तू टाकवत नाहीत आणि ठेववतही नाहीत. कोणाला देऊ म्हटले, तर घेणाऱ्याच्या मनाला काय वाटेल याचा संकोच होतो. एखाद्या समाजाने या मधल्या वस्तूंची व्यवस्था कशी लावली हे पाहिले, म्हणजे मालकी, लाज, विश्वास आणि व्यापाराचा अधिकार यांविषयी त्या समाजाच्या काय कल्पना होत्या, ते पुष्कळसे कळून येते.

महाराष्ट्रात ही व्यवस्था दीर्घकाळ बोहारणीने सांभाळली. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीशी जुन्या कपड्यांचे बोचके घेऊन ती दारी येई. एका पातेल्यासाठी ती दोन लुगडी मागे, गृहिणी एक देऊ करी, आणि उंबऱ्यावर बसून चाललेली ही घासाघीस कधीकधी दुपारभर पुरे. या व्यवहारात रोकड हाती लागत नसे. पण वस्तू घरातून मानाने जाई आणि तिच्या जागी दुसरी येई. दुसरी रीत लिलावाची. 'लिलाव' हा आपला रोजचा शब्द मुळात पोर्तुगीज आहे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने १५९६ मध्ये आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. त्यात जुन्या गोव्याच्या 'रुआ दिरैता' या मुख्य रस्त्यावर सणवार सोडून रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन आहे. माणूस मेला, की त्याची चीजवस्तू तेथे शेवटच्या कवडीपर्यंत पुकारून विकली जाई. मृत मनुष्य प्रत्यक्ष व्हाइसरॉय असला तरी त्यातून सुटका नसे.

या दोन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. वस्तूचा मालक स्वतः बाजारात उभा राहत नाही. एकीत बोहारीण मध्ये असते, दुसरीत पुकारा करणारा. मालकाने आपल्याच घरातील नको झालेल्या वस्तू मांडून, आपल्याच तोंडाने किंमत सांगून त्या विकाव्यात, ही तिसरी रीत. इंग्लंडमध्ये ती आज ज्या रूपाने दिसते, त्याला तेथे 'कार बूट सेल' म्हणतात. मोटारीच्या मागील ज्या कप्प्याला आपण डिकी म्हणतो, त्याला इंग्रज लोक 'बूट' म्हणतात. उन्हाळ्यातील रविवारी पहाटे एखाद्या शेतात, शाळेच्या पटांगणात किंवा वापरातून गेलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर मोटारी रांगेने येऊन उभ्या राहतात. आयोजकाला जागेचे ठरावीक भाडे द्यावयाचे, डिकी उघडावयाची, भिंतीला कागद चिकटविण्याच्या कामी येते तसले घडीचे लांब टेबल पुढे ठेवावयाचे आणि त्यावर घर मांडावयाचे. जुने सामान घेऊन विकण्याचाच धंदा करणारे लोक बॅटरीच्या उजेडात सर्वांआधी येतात आणि सामान पुरते उतरण्यापूर्वीच आत हात घालतात. मागून कुटुंबे येतात. दुपार होऊ लागली, की भाव उतरू लागतात; जे उरते ते धर्मादाय दुकानाच्या दाराशी जाते.

इतकी ही साधी गोष्ट. तिला भांडवल लागत नाही, कौशल्य लागत नाही, दुकान लागत नाही. मग व्यापारावर वाढलेल्या इंग्लंडसारख्या देशात ती रूढ होण्यास १९७० चे दशक का उजाडावे लागले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की सात-आठशे वर्षे मागे जावे लागते.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बाजार भरविणे हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हता. तो राजाचा अधिकार होता आणि राजा तो सनदेने देत असे. एखादा सरदार, मठ किंवा नगर सनद मिळवी, ठरावीक वारी ठरावीक जागी बाजार भरवी आणि तेथील जागेचे भाडे व जकात वसूल करी. मराठी श्रोत्याला यात परके असे काही वाटू नये. पेशवाईत नवी पेठ वसवावयाची तर सरकारातून कौल घ्यावा लागे, आणि पेठेची व्यवस्था पाहणाऱ्या शेटे-महाजनांना वतन मिळत असे. इंग्लंडमध्ये या हक्काला शेजाऱ्यापासून संरक्षणही असे. ब्रॅक्टन या तेराव्या शतकातील विधिज्ञाने त्याचे गणित मांडून ठेवले आहे. माणसाचा दिवसाचा प्रवास वीस मैलांचा धरावा आणि दिवसाचे तीन भाग करावेत. एक भाग बाजाराला जाण्याचा, एक खरेदी-विक्रीचा आणि एक उजेड आहे तोवर घरी परतण्याचा. वीस मैलांचा तिसरा हिस्सा म्हणजे सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैल. तेवढ्या अंतराच्या आत दुसऱ्याने प्रतिस्पर्धी बाजार भरविणे म्हणजे पहिल्याच्या हक्कावर अतिक्रमण करणे होय. पायी चालणाऱ्या माणसासाठी केलेला हा हिशेब आगगाडी आणि मोटार आल्यानंतरही इंग्रजी न्यायालयांत चालत राहिला. १९८८ मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट नगरपालिकेच्या एका दाव्यात अपील न्यायालयाने प्रतिस्पर्धी बाजार बेकायदा असल्याचे मान्य केले. मात्र नगरपालिकेचे काही नुकसान झालेले नसल्यामुळे भरपाई केवळ नाममात्र ठरविली.

सनदेच्या बाजाराला आणखी एक मोठा विशेषाधिकार होता. इंग्रजी कायद्याचे मूळ सूत्र असे, की जे आपले नाही ते कोणाला विकता येत नाही. चोराने विकलेली वस्तू दहा हातांतून फिरली तरी मूळ मालक तिच्यावर हक्क सांगू शकतो. या सूत्राला एक अपवाद होता. वस्तू 'मार्केट ओव्हर्ट' मध्ये, म्हणजे शब्दशः 'उघड्या बाजारात', विकली गेली आणि घेणाऱ्याने ती प्रामाणिकपणे घेतली, तर ती त्याचीच झाली; मूळ मालकाचा हक्क संपला. यामागील विचार सरळ होता. ज्याची वस्तू चोरीला गेली, त्याने जवळचे बाजार धुंडाळावेत. वस्तू सर्वांच्या डोळ्यांसमोर, दिवसाउजेडी, नेमलेल्या जागी मांडलेली असूनही तो ती शोधण्यास आला नाही, तर दोष प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये. लंडनच्या सिटी या जुन्या भागात तर रविवार सोडून प्रत्येक दिवशी प्रत्येक दुकान, त्या दुकानात नेहमी विकल्या जाणाऱ्या मालापुरते, उघडा बाजार समजले जाई.

'उघडा' या शब्दाचा अर्थ न्यायाधीशांनी किती काटेकोर केला होता, ते १५९६ च्या एका निवाड्यावरून दिसते. चोरीची चांदीची भांडी लंडनमध्ये एका लेखनिकाच्या दुकानात विकली गेली होती. कागदपत्रे लिहून देणाऱ्याच्या दुकानात चांदी शोधण्याचे कोणाच्या मनात येणार? म्हणून न्यायालयाने ही विक्री उघड्या बाजारातील नव्हे असे ठरविले. सोनाराच्या दुकानातील विक्री चालली असती. पण तीही पडद्याआड किंवा कपाटामागे, रस्त्याने जाणाऱ्याला दिसणार नाही अशी झाली असती, तर चालली नसती. घोड्यांच्या बाबतीत १५५५ च्या कायद्याने आणखी बंधन घातले. विकावयाचा घोडा सकाळी दहा ते सूर्यास्त या वेळात निदान एक तास उघड्यावर उभा केला पाहिजे आणि जकातवाल्याच्या वहीत त्याची नोंद झाली पाहिजे. १६०४ मध्ये संसदेने जुन्या मालाच्या दलालांनाही तंबी दिली. लंडन व आसपासच्या दलालाकडे आलेल्या चोरीच्या मालाची मालकी उघड्या बाजाराच्या नियमाने बदलणार नाही, असे कायद्यातच नमूद झाले. जुन्या वस्तूंच्या व्यापारावर संशयाचा शिक्का बसला तो असा.

तरीही जुन्या वस्तू विकल्याच जात होत्या, कारण त्यांचे मोल फार होते. हाताने सूत काढून हातमागावर विणण्याच्या त्या युगात कापड महाग होते. धनिणीचा झगा मोलकरणीला मिळे, मोलकरीण तो विकी, आणि अनेक अंगांवरून फिरत तो अखेर टॉवर ऑफ लंडनजवळच्या रोझमेरी लेनमध्ये येई. तेथे 'रॅग फेअर', म्हणजे चिंध्यांची जत्रा, भरत असे. पोप या कवीने १७२८ मध्ये आपल्या 'डन्सिअड' या उपहासकाव्यात तिचा उल्लेख केलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या कष्टकरी जनतेची पाहणी केली, तेव्हा हा व्यापार हाउंड्सडिच भागातील 'ओल्ड क्लोद्स एक्स्चेंज' या खास आवारात आलेला होता. आत जाण्यास अर्ध्या पेनीची पट्टी होती. गल्लोगल्ली आरोळी देत जुने कपडे गोळा करणारे बहुतेक ज्यू होते. १८३० च्या सुमारापर्यंत सिटीत किरकोळ दुकान थाटण्याची मुभा त्यांना नव्हती; त्यामुळे पोत्यात मावेल असा हा फिरता धंदा त्यांच्या वाट्याला आला होता. नंतर याच कारणासाठी त्यांची टिंगल करणाऱ्या समाजाने त्यांना दुसरा मार्ग मोकळा ठेवला नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मेह्यूच्या पाहणीत आपल्या बोहारणीचा सख्खा भाऊ भेटतो. चिनी मातीची भांडी टोपलीत घेऊन दारोदार फिरणारे हे विक्रेते पैशाऐवजी जुने कपडे घेत. उतरलेला कोट, विजार आणि बूट दिले, की चहाच्या कपबश्यांचा संच घरात येई. पुढे हे बूट कारागिराकडे जात. ठिगळ लावून, काळी शाई फासून जुन्या बुटांना नव्याचे रूप देणाऱ्या या कारागिरांना लंडनच्या बोलीत 'ट्रान्स्लेटर', म्हणजे भाषांतरकार, म्हणत असत! जे लोकरीचे कपडे अंगावर घालण्यापलीकडे गेले, त्यांच्या चिंध्या यॉर्कशरमधील बॅटली आणि ड्यूजबरी या गावी जात. तेथे १८१३ पासून जुनी लोकर पिंजून तिचे नवे, हलक्या प्रतीचे कापड विणले जाऊ लागले होते. सुती चिंध्या कागदाच्या गिरण्यांकडे जात. वाया असे फारसे काही जातच नव्हते. मात्र या साखळीत पहिल्या विकणाऱ्याच्या, म्हणजे घरच्या माणसाच्या, हाती सर्वांत कमी पैसा पडे. तो दारात उभा असे. बाजार त्याला ठाऊक नसे आणि भाव फेरीवाला ठरवी.

गरिबाला आणखी एक दार होते, ते सावकारी गहाणाच्या दुकानाचे. १८७२ च्या कायद्याने लहान कर्जावर दोन शिलिंगांस दरमहा अर्धा पेनी, म्हणजे सालीना शेकडा पंचवीस, असा व्याजदर ठरविला आणि वस्तू सोडविण्यास एक वर्ष सात दिवसांची मुदत दिली. कामगारवस्तीत रविवारचा चांगला पोशाख सोमवारी गहाण पडे आणि शनिवारी पगार झाल्यावर सुटे. या दुकानांना बहुधा बाजूच्या गल्लीत दुसरे दार असे आणि आत लाकडी आडोसे असत. हेतू हा, की शेजाऱ्याने शेजाऱ्याला पाहू नये. व्यापारी उघड्यावर विकत होता आणि गृहस्थ आडोशाने. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील ही स्थिती लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढील बदलाचे महत्त्व तिच्यामुळेच कळते.

या आडोशातून बाहेर येण्याची पहिली वाट धर्मादायातून निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चर्चच्या सभागृहांतून 'जंबल सेल' भरू लागले. सुखवस्तू घरांनी नको असलेल्या वस्तू द्यावयाच्या, गरजूंनी त्या चार पैशांत घ्यावयाच्या आणि उत्पन्न चर्चच्या छपराला किंवा शाळेला जावयाचे. पुढे १९४२ मध्ये ग्रीसमधील उपासमारीच्या निवारणार्थ ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या आणि आज ऑक्सफॅम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने महायुद्धानंतर त्याच शहरात ब्रॉड स्ट्रीटवर आपले कायमचे दुकान उघडले. तेव्हापासून धर्मादाय दुकान हे इंग्रजी गावाच्या मुख्य रस्त्याचे एक अंगच बनले. यामुळे जुनी वस्तू विकत घेण्यातील लाज पुष्कळ कमी झाली. युद्धानेही तिला हातभार लावला. १९४१ ते १९४९ या काळात ब्रिटनमध्ये नव्या कपड्यांवर नियंत्रण होते आणि प्रत्येकाला मोजकीच कुपने मिळत. तेव्हा दुसऱ्याचा कोट उसवून मुलाचा कोट शिवणे हे देशकार्य ठरले होते. तथापि जंबल सेलमध्ये देणाऱ्याला पुण्य मिळे, पैसा नव्हे. आपली वस्तू विकून तिचे मोल आपणच खिशात घालणे हे अजून सभ्य मानले जात नव्हते.

दुसरी अडचण वाहतुकीची होती. घरातील पन्नास वस्तू एकाच फेरीत दोन कोस न्यावयाच्या कशा? १९५१ मध्ये ब्रिटनमधील सात कुटुंबांपैकी जेमतेम एकाकडे मोटार होती. १९७१ पर्यंत निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे ती आली. दुकान, गोदाम आणि हातगाडी ही तिन्ही कामे करणारी एक पेटी अशा रीतीने लाखो घरांच्या दाराशी उभी राहिली. तिचा असा उपयोग करण्याची कल्पना ब्रिटनमध्ये आणण्याचे श्रेय सामान्यतः स्टॉकपोर्टचे कॅथलिक धर्मगुरू फादर हॅरी क्लार्क यांना दिले जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी कॅनडात मोटारींच्या डिकीतून होणारी विक्री पाहिली आणि निधी जमविण्यासाठी ती रीत आपल्याकडे आणली. म्हणजे हाही बाजार प्रथम धर्मादायाचे बोट धरूनच आला. गाडीमागे ठरावीक वर्गणी सत्कार्याला आणि विक्रीचे पैसे मात्र विकणाऱ्याला, ही विभागणी फार सोयीची ठरली. संकोच वर्गणीने फिटला आणि कमाई खिशात राहिली. थोड्याच वर्षांत शेतकऱ्यांनी आणि व्यावसायिक आयोजकांनी ही रीत उचलली.

कायदाही काही काळ या बाजाराच्या पथ्यावर पडला. १९५० च्या कायद्याने इंग्लंडमधील बहुतेक दुकाने रविवारी बंद ठेवावी लागत. ते बंधन उठविणारे विधेयक १९८६ च्या एप्रिलमध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये १४ मतांनी पडले आणि मोठ्या दुकानांना रविवार खुला होण्यास १९९४ साल उजाडले. तोपर्यंत रविवारी सकाळी बाहेर पडलेल्या कुटुंबाला जाण्यासारखा बाजार म्हणजे शेतातील हाच. स्थानिक संस्थांनी मात्र आपले जुने हक्क सोडले नव्हते. १९८२ च्या एका कायद्याने, पाच किंवा अधिक गाळे अथवा वाहने मिळून भरणाऱ्या तात्पुरत्या बाजाराची महिनाभर आधी सूचना देणे सक्तीचे करण्याचा अधिकार जिल्हा परिषदांना दिला. परंतु ज्या विक्रीचे उत्पन्न धर्मादाय, सामाजिक, क्रीडा किंवा राजकीय कार्याला जाते तिला त्यातून वगळले. भूमिवापराच्या नियमांनुसार खास परवानगीवाचून मोकळ्या जमिनीवर वर्षातून १४ दिवसच बाजार भरवावा, अशीही मर्यादा दीर्घकाळ होती. ज्या नगराला जुनी सनद होती, त्याच्या हद्दीपासून ब्रॅक्टनचे ते मैलही मोजले जात. राजाच्या सनदेशी गृहस्थाच्या डिकीचा सामना झाला तो असा. सनद हरली नाही. पण डिकीवाल्यांची संख्या एवढी मोठी होती, की बहुतेक ठिकाणी तडजोड करणेच नगरपालिकांना सोयीचे वाटले. कित्येकांनी शुल्क आकारून परवाने दिले.

आता या कहाणीतील सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळले पाहिजे. जुन्या वस्तूंचा बाजार म्हटले, की चोरीचा संशय येतोच. मुंबईतील मटन स्ट्रीटच्या परिसरातील बाजाराला लोकांनी 'चोर बाजार' हेच नाव दिले. मूळचा 'शोर बाजार' असे कितीही सांगितले, तरी हे नाव चिकटले ते चिकटलेच. इंग्लंडमध्ये हा संशय एका विलक्षण विसंगतीपर्यंत गेला. उत्तर लंडनमध्ये १८५५ साली गुरांचा मोठा बाजार बांधला गेला होता. गुरांचे वार सोडून इतर दिवशी तेथे जुन्या वस्तूंचे विक्रेते फरशीवर माल मांडू लागले आणि हा कॅलेडोनियन बाजार जगप्रसिद्ध झाला. १९३९ मध्ये युद्धामुळे तो बंद पडला आणि युद्धानंतर थेम्सच्या दक्षिणेस बर्मंडसी येथे नव्याने भरू लागला. तो कायद्याने स्थापित बाजार होता. म्हणून 'उघड्या बाजारा'चे संरक्षण त्याला होते. परंतु तेथील खरी उलाढाल शुक्रवारी पहाटे, अंधारात, बॅटरीच्या उजेडात होत असे.

१९६९ च्या डिसेंबरात एका घरातून ॲडम शैलीची मेणबत्तीदानांची मौल्यवान जोडी चोरीला गेली. पुढील फेब्रुवारीत बर्मंडसीच्या बाजारात एका कलावस्तूंच्या व्यापाऱ्याने ती प्रामाणिकपणे विकत घेतली. वेळ होती सकाळी सातची, आणि सूर्य अजून उगवलेला नव्हता. खटला अपील न्यायालयात गेला. लॉर्ड डेनिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये शतकांपूर्वीचा नियम बाहेर काढला. उघड्या बाजारातील विक्री सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या दरम्यान झाली पाहिजे, कारण ज्याचे चोरीला गेले त्याला आपली वस्तू दिसली पाहिजे. व्यापारी हरला आणि मालकाला मेणबत्तीदाने परत मिळाली. तीच विक्री सूर्य वर आल्यानंतर झाली असती, तर निकाल उलट लागला असता.

दुसऱ्या एका प्रकरणाने या नियमाचा शेवट जवळ आणला. १९९० मध्ये लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या जुन्या संस्थेतून रेनॉल्ड्स आणि गेन्सबरो या थोर चित्रकारांची चित्रे चोरीला गेली. १९९३ मध्ये ती याच बर्मंडसीच्या बाजारात दीडशे पौंडांच्या आत विकली गेल्याचे उघडकीस आले. १९६६ मध्ये कायदा-सुधारणा समितीने हे संरक्षण सर्व किरकोळ दुकानांना लागू करावे अशी शिफारस केली होती. आता वारे उलटे फिरले. संसदेने १९९४ मध्ये दुरुस्ती केली आणि ३ जानेवारी १९९५ पासून उघड्या बाजाराचा अपवाद इंग्रजी कायद्यातून नाहीसा झाला.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. शेतातील डिकीचा बाजार हा शब्दाच्या साध्या अर्थाने इंग्लंडमधील सर्वांत उघडा बाजार होता. तेथे भिंत नव्हती, पडदा नव्हता, गल्लीतले दुसरे दार नव्हते. विकणारा आपल्या मोटारीसह, तिच्या नोंदणीच्या पाटीसह, शेजाऱ्यांच्या देखत उभा होता. तरीही कायद्याच्या दृष्टीने तो बहुधा 'उघडा बाजार' कधीच नव्हता, कारण त्याच्यापाशी सनद नव्हती, आणि नुसत्या उघडेपणाने घेणाऱ्याला मालकी मिळत नव्हती. ज्या बाजारापाशी कायद्याचे संरक्षण होते, तो अंधारात चालत होता. कायद्याने हे संरक्षण काढून घेतले, त्यात प्रामाणिक गिऱ्हाइकाचे नुकसान झाले हे खरे. पण ज्याच्या घरी चोरी झाली, त्याचा हक्क सूर्योदयाच्या घटकेवर अवलंबून राहिला नाही, हेही तितकेच खरे. चोरीत भरडल्या गेलेल्या दोन निरपराध माणसांपैकी नुकसान कोणी सोसावे, या प्रश्नाला पूर्ण न्याय्य उत्तर नाही. इंग्लंडने शेकडो वर्षे एक उत्तर दिले आणि नंतर दुसरे दिले.

बाजार उघडा असला, म्हणजे भाव उघड होतोच असे नाही. १९८० च्या दशकात पश्चिम लंडनमधील अशाच एका विक्रीत एका स्त्रीने दहा पौंडांना एक अंगठी घेतली. खडा काचेचा समजून तिने ती वर्षानुवर्षे घरकामातही बोटात वागविली. पुढे तो २६.२७ कॅरटचा अस्सल हिरा निघाला आणि २०१७ च्या जूनमध्ये सदबीज या लिलावगृहात त्याला ६,५६,७५० पौंड मिळाले. जुन्या पद्धतीने घासलेल्या त्या हिऱ्याला आजच्या हिऱ्यांची झळाळी नव्हती, म्हणून विकणाऱ्यालाही तो ओळखता आला नव्हता. फेरीवाल्याच्या काळी अज्ञानाची किंमत घरचा माणूस मोजीत असे. येथेही ती त्यानेच मोजली. इतकेच, की या वेळी लाभ दलालाला न होता दुसऱ्या एका सामान्य गृहिणीला झाला. अशा कथा वर्तमानपत्रांत गाजतात आणि हजारो लोक पहाटे उठून शेताकडे धावतात. बहुतेकांच्या हाती मात्र एखादी किटली आणि दोन पुस्तके लागतात.

१९९९ मध्ये ईबे ही अमेरिकन कंपनी ब्रिटनमध्ये आली आणि जुन्या वस्तू पडद्यावर मांडून विकता येऊ लागल्या. शेतातील बाजार आता मोडणार, असे तेव्हा अनेकांना वाटले. मौल्यवान वस्तूंचा बराचसा व्यापार तिकडे गेलाही. पण टपालखर्चही सुटणार नाही अशा मधल्या वस्तूंना शेतच सोयीचे राहिले. २०२० च्या साथीत सारेच बाजार बंद पडले आणि जूनच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये उघड्यावरील बाजारांना पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा भिंती नसणे हा या बाजाराचा गुणच ठरला. सरकारनेही या लहान कमाईकडे सौम्य दृष्टीने पाहिले आहे. एप्रिल २०१७ पासून वर्षाला एक हजार पौंडांपर्यंतच्या किरकोळ व्यापारी उत्पन्नाला करातून सूट आहे. आपल्या घरची जुनी वस्तू अधूनमधून विकणे, हा तर व्यापारच मानला जात नाही.

व्यापार नसल्यामुळे व्यापाऱ्याची जबाबदारीही या विक्रेत्यावर नाही. दुकानदाराचा माल समाधानकारक निघाला नाही, तर तक्रार करता येते. गृहस्थाने विकलेली किटली गळकी निघाली, तर घेणाऱ्याने स्वतःचे डोळे उघडे ठेवावयास हवे होते, असेच कायदा म्हणतो. परंतु एक हमी त्यालाही चुकलेली नाही. १९७९ च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, विकणारा साधा गृहस्थ असला तरी, वस्तू विकताना ती विकण्याचा आपल्याला हक्क आहे, असे तो न बोलताही कबूल करीत असतो. सनदा जुन्या झाल्या, सूर्योदयाचा नियम गेला, जकातवाल्याची वही मिटली. शेतातील टेबलाच्या अलीकडे गिऱ्हाईक आणि पलीकडे विकणारा, यांच्यामध्ये कायद्याने राखलेले आता एवढेच उरले आहे : ही वस्तू माझी होती, आणि आता ती तुमची आहे.